शर्यतीच्या खेळाचे मुखचित्र : एक वाक्यविचार

भाषाविज्ञानाला वाहिलेल्या पत्रिकेत व्हिडिओ गेमच्या मुखचित्रासंबंधी लेख पाहून वाचकांना किंचित नवल वाटेल. त्याचा खुलासा आरंभीच केलेला बरा. काही महिन्यांपूर्वी आमच्या विभागाचा एक माजी विद्यार्थी तीन चित्रे घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. पदवी घेतल्यानंतर तो संगणकीय चलच्चित्रांच्या व्यवसायात शिरला होता, आणि दोन मित्रांसह पावणेतीन वर्षे खपून त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक लहानसा खेळ तयार केला होता. पावसाळ्यातला घाटरस्ता, धुके, एकटी गाडी आणि घड्याळ, एवढेच त्या खेळाचे भांडवल. नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून केलेले हे काम आता विकावयास ठेवावयाचे होते. दुकानात लावावयाच्या चित्रावर खेळाचे नाव कोणत्या वळणाच्या अक्षरांत लिहावे, इतकाच त्याचा प्रश्न होता. चित्रे पाहिल्यावर मात्र असे वाटू लागले की, त्यांतील उणीव अक्षरांपेक्षा वाक्यरचनेची आहे. ती कशी, हे सांगण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. लेखकाला स्वतःला मोटार चालविता येत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

प्रथम ज्या दुकानात हे चित्र लागावयाचे त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. संगणकावरील खेळांची आजची सर्वांत मोठी पेठ म्हणजे अमेरिकेतील व्हॅल्व्ह कंपनीने २००३ साली सुरू केलेले 'स्टीम'. तेथे बाहेरच्यांचे कोणते खेळ ठेवावयाचे हे आरंभी कंपनीच ठरवीत असे. २०१२ मध्ये ग्राहकांच्या मतदानाची पद्धत आली, आणि २०१७ पासून प्रत्येक खेळामागे १०० डॉलर शुल्क भरून प्राथमिक तपासणीस उतरणाऱ्या कोणाही निर्मात्याला दार खुले झाले. परिणामी एकट्या २०२४ या वर्षी तेथे १८,००० हून अधिक नवे खेळ दाखल झाले, म्हणजे दिवसाला सरासरीने सुमारे पन्नास. मोठ्या कंपनीच्या खेळाची वार्ता दुकानापूर्वीच ग्राहकाच्या कानी पोचलेली असते. ज्यांना 'इंडी' म्हणण्याचा प्रघात आहे अशा स्वतंत्र, तुटपुंज्या भांडवलाच्या निर्मात्याला ही सोय नाही. त्याच्या खेळाची व ग्राहकाची पहिली भेट बहुधा याद्यांतून सरकत जाणाऱ्या एका चित्रातूनच होते, आणि ती क्षणार्धाची असते.

या चित्रांना स्टीमच्या परिभाषेत 'कॅप्सूल' म्हणतात. एकाच खेळासाठी ती अनेक मापांत द्यावी लागतात : पानाच्या माथ्यावर लागणारे ९२० × ४३० पिक्सेलचे, दर्शनी भागातले १२३२ × ७०६ चे, उभे ७४८ × ८९६ चे आणि याद्यांत दिसणारे ४६२ × १७४ चे लघुचित्र. यांपैकी लघुचित्र काही ठिकाणी आणखी आकसून १२० × ४५ पिक्सेलचे होते. साध्या पडद्यावर हे माप सव्वा इंच रुंद आणि अर्ध्या इंचाहूनही कमी उंच भरते. खेळाचे नाव चोवीस अक्षरांचे असेल व ते एका ओळीत लिहिले तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला पाच पिक्सेलची रुंदी येते, आणि तीही अक्षरांमधील अंतर धरून. चित्रकार मात्र आपले चित्र मोठ्या पडद्यावर, हातभर रुंद करून रंगवीत असतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि त्याच पुस्तकाचा कणा यांत जो फरक असतो, तोच येथे एका चित्राच्या दोन मापांत असतो. आणि ग्रंथालयात आपण बहुतेक पुस्तके कण्यावरूनच काढतो.

याला आणखी एका नियमाची जोड मिळाली आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने या चित्रांवर खेळाची कलाकृती, खेळाचे नाव आणि असल्यास अधिकृत उपशीर्षक यांखेरीज काहीही लिहावयास बंदी केली. परीक्षकांची स्तुतिवचने, मिळालेली पारितोषिके, सवलतीची घोषणा, सारे वर्ज्य. काही निर्मात्यांना हा नियम जाचक वाटला. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यामुळे एक स्वच्छ प्रयोगस्थळ मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. एक नाव आणि एक चित्र एवढ्या दोनच घटकांतून पुरे विधान कसे उभे राहते, असा प्रश्न आता उरतो.

पुरे विधान म्हणजे काय, याची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्याचा अर्थ लागण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. त्या पदांच्या अर्थांत परस्परविरोध नसणे ही योग्यता. ती पदे एकमेकांलगत, विलंब न लावता उच्चारली जाणे हा संनिधी. आकांक्षेच्या अभावाचे उदाहरण म्हणून गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नामांची रांग देण्याची शास्त्रकारांची रीत आहे. प्रत्येक शब्द कळतो, पण काही सांगितले असे होत नाही, कारण क्रियेचा पत्ता नाही.

विद्यार्थ्याच्या पहिल्या चित्रात मध्यभागी एक तकतकीत मोटार तिरकी उभी होती, मागे जांभळ्या आकाशात पट्ट्यापट्ट्यांचा मावळता सूर्य, दोन्ही बाजूंना ताडाची झाडे, आणि तळाशी दूरवर शहराचे दिवे. मोटार, सूर्य, ताड, शहर. म्हणजेच गाय, घोडा, माणूस, हत्ती. शर्यतीच्या खेळांच्या यादीत अशी चित्रे इतकी आढळतात की, हा दोष एकट्याचा नाही हे उघड आहे. शर्यतीचा खेळ म्हटला की मोटार दाखविली पाहिजे असे निर्मात्याला वाटते, आणि मोटार दाखविली की सांगणे पुरे झाले असाही त्याचा समज होतो. वस्तुतः शर्यतींच्या यादीत मोटार ही उद्देश्याच्या जागी आधीच गृहीत असते. ग्राहक तेथे मोटारीचा खेळ शोधावयासच आलेला असतो. त्याला हवे असते ते विधेय : या मोटारीचे मी काय करणार? घसरविणार, पुढे काढणार, आदळणार, की संध्याकाळच्या वेळी निवांत हाकीत नेणार? सर्वांच्या मुखचित्रांवर मोटार असेल, पण क्रियापद प्रत्येकाचे निराळे आहे.

त्या जांभळ्या सूर्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. या चित्रशैलीचे एक नावच 'आउटरन' असे पडले आहे. ते आले आहे सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी केलेल्या १९८६ सालच्या 'आउट रन' या खेळावरून. मौजेची गोष्ट अशी की, मूळ खेळाच्या पहिल्याच टप्प्यात लख्ख निळे आकाश, समुद्रकिनारा आणि उन्हात न्हालेले ताड आहेत. जांभळा रंग, चौकटींची जमीन आणि पट्ट्यांचा सूर्य हे नंतरच्या पिढीने त्या दशकाच्या एकूण स्मृतीतून जमविलेले साहित्य होय. शब्दाचा अर्थ मूळ वस्तूपासून सुटून भलतीकडे स्थिरावतो, याची उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. चिन्हांच्या बाबतीतही तेच घडते, हे येथे डोळ्यांसमोर दिसते. पण असे रूढ झालेले चिन्ह निर्मात्याला महागात पडते. सोस्यूरने भाषिक चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांपासून असलेल्या भेदात पाहिले. यादीत पाच जांभळे सूर्य ओळीने आले तर सहाव्याचे मूल्य शून्य होते, मग तो कितीही सुरेख रंगविलेला असो. उलट, कॅनडातील 'फनसेलेक्टर लॅब्ज' या लहानशा निर्मितिगृहाच्या 'ॲब्सोल्यूट ड्रिफ्ट' (२०१५) या खेळाचे अवघे जग कागदासारखे पांढरे आहे व त्यावर लाल रंगाच्या मोजक्या खुणा आहेत. अशा जगातून घेतलेले चित्र स्टीमच्या गडद निळसर पानावर, काळोख्या शेजाऱ्यांमध्ये, आपोआप वेगळे पडते. काळोखे चित्र त्याच पानात विरघळून जाते. त्याची कड कोठे संपते तेही दिसत नाही.

आता क्रियापद चित्रात कसे आणावयाचे, हा मुख्य प्रश्न. याचे सर्वांत बोलके उत्तर १९७६ साली अटारी कंपनीने काढलेल्या 'नाइट ड्रायव्हर' या खेळात सापडते. त्या यंत्राची शक्ती इतकी अल्प होती की, त्याला मोटार रेखाटणेही जमत नसे. काळ्या पडद्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खांब तेवढे दिसत, ते जवळ येता येता मोठे होत आणि बाजूला सरत. मोटारीचे चित्र पडद्याच्या तळाशी बाहेरून बसविलेले असे. म्हणजे यंत्राकडे उद्देश्य मुळीच नव्हते. केवळ विधेय होते. तरीही खेळणाऱ्याला रात्री भरधाव गाडी चालविल्याचा प्रत्यय येई. आजचा निर्माता आपल्या मुखचित्रात मोटारीच्या रंगाची चकाकी आणण्यासाठी आठवडे घालवितो आणि रस्ता मात्र घाईघाईने उरकतो. त्याने हे खांब एकदा पाहावेत.

क्रिया ही वस्तूत नसते, संबंधात असते. शर्यतीच्या चित्रात असे तीनचार संबंध संभवतात. मोटार आणि क्षितिज यांचा संबंध वेग सांगतो : क्षितिज खाली, रस्त्याच्या कडा एका बिंदूकडे धावणाऱ्या, झाडे कडेला फाकलेली. एका मोटारीचा दुसरीशी संबंध झुंज सांगतो. वळणाच्या आतल्या बाजूस एकीचे नाक दुसरीच्या चाकापर्यंत पोचलेले असले की पुढच्या क्षणी काय होणार हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो, आणि आकांक्षा म्हणतात ती हीच. पण मला सर्वांत कुतूहलाचा वाटला तो मोटारीचा स्वतःशी असलेला संबंध. रॅलीत किंवा घसरणीच्या खेळात मोटारीचे तोंड एकीकडे असते आणि ती जात असते दुसरीकडे. पुढची चाके तर वळणाच्या उलट दिशेला फिरविलेली असतात. मोटारीचा अक्ष आणि तिच्या गतीची दिशा यांत पडलेला हा कोन म्हणजेच 'घसरणे' हे क्रियापद. १२० पिक्सेलच्या मापात चाके दिसावयाची नाहीत, हे खरे. म्हणून अनुभवी चित्रकार ते काम मागे उडणाऱ्या धुळीच्या किंवा पाण्याच्या वक्र पट्ट्यावर सोपवितात. सारे तपशील पुसले गेले तरी तो वक्र उरतो.

वेगाच्या चिन्हांचा इतिहासही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी झाक आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने मोटारशर्यतीचे एक छायाचित्र घेतले. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यातील फट पटलावरून सरकत जाई. तेवढ्या वेळात मोटार पुढे गेली आणि कॅमेराही फिरला, त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे कलले आणि कडेचे प्रेक्षक मागे कललेले दिसले. चार्ल्स पर्सच्या वर्गीकरणानुसार हा कल म्हणजे 'निर्देशक' चिन्ह होय. धूर जसा अग्नीचा, तसा तो प्रत्यक्ष गतीचा परिणाम होता. पुढे इतक्या सावकाश फट सरकविणारे कॅमेरे मागे पडले, तरी कल राहिला. आज शर्यतीच्या खेळाचे नाव उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिले की वेग सूचित होतो असे आपण मानतो, ते निव्वळ संकेताने. कारण गेले, परिणाम रूढी होऊन बसला.

विद्यार्थ्याचे दुसरे चित्र या दृष्टीने पहिल्याहून सरस होते. त्यात दोन मोटारी एका पुलावर अगदी खालून, समोरून पाहिलेल्या, परस्परांना भिडलेल्या दिसत होत्या. क्रियापद होते आणि ठसठशीत होते. अडचण एवढीच की, त्याच्या खेळात दुसरी मोटार नाही! शिवाय खेळात रस्ता दिसतो उंचावरून आणि चित्र होते जमिनीलगतचे. हा योग्यतेचा भंग झाला. अग्नीने शिंपण करतो, हे शास्त्रकारांचे त्याचे ठरलेले उदाहरण आहे : आकांक्षा आहे, पण अर्थ जुळत नाही. दुकानदारीत थोडीबहुत अतिशयोक्ती चालावयाचीच, असे यावर कोणी म्हणेल. १९७७ साली अटारीचे घरगुती यंत्र बाजारात आले तेव्हा पडद्यावर रंगीत चौकोनांपलीकडे फारसे काही दिसत नसे, आणि खोक्यांवर मात्र क्लिफ स्पोन प्रभृती चित्रकारांची भरदार, रंगलेली चित्रे असत. पण त्या चित्रांकडे पडद्याचे प्रतिबिंब म्हणून कोणी पाहत नसे. खेळताना मनात काय कल्पावयाचे ते ती सुचवीत. आज पडदा सारे काही दाखवू शकतो, म्हणून चित्रातील दृष्टिकोण हा खेळातील दृष्टिकोण असणार असे ग्राहक धरून चालतो. आणि तो फसला तर त्याला उपायही आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम त्याचे पैसे परत करते. चुकीच्या ग्राहकाला खेचून आणणारे मुखचित्र यामुळे दुहेरी हानी करते : पैसे परत जातात ते जातातच, आणि रागावलेला अभिप्राय मागे राहतो.

योग्यतेच्याच पोटात आणखी एक प्रश्न येतो, तो मोटारींच्या ओळखीचा. विशिष्ट कंपनीच्या मोटारीचे बोधचिन्ह, नाव आणि कित्येकदा तिचा आकारदेखील कायद्याने रक्षिलेला असतो. त्याचा परवाना मिळविणे लहान निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचे. 'आउट रन'मधील लाल उघडी मोटार एका सुविख्यात इटालियन मोटारीसारखी होती, पण त्यासाठी परवाना घेतलेला नव्हता. २००३ च्या 'आउट रन २'साठी तो रीतसर घेण्यात आला. पुढे २००९ साली निघालेला 'आउट रन ऑनलाइन आर्केड' हा खेळ परवान्याची मुदत सरल्यावर विक्रीतून काढावा लागला. म्हणून इंडी निर्माते विशेषनामाऐवजी सामान्यनाम वापरतात. १९८० च्या दशकातील रॅलीची चौकोनी मोटार ओळखू यावी, पण ती अमुकच असे म्हणता येऊ नये, अशी. 'फनसेलेक्टर'च्याच 'आर्ट ऑफ रॅली' (२०२०) या खेळात हे कौशल्य मुद्दाम पाहण्याजोगे आहे. छायाकृतीवरून जाणकार हसतो, आणि वकिलाला बोट ठेवावयास जागा सापडत नाही.

राहता राहिला संनिधी, म्हणजे नाव आणि चित्र यांची जवळीक. शास्त्रकारांनी दिलेले उदाहरण गमतीचे आहे : एकेक शब्द प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारला तर वाक्य होत नाही. चित्राच्या बाबतीत अंतर काळाचे नसून जागेचे असते. नाव एका कोपऱ्यात, क्रिया दुसऱ्या कोपऱ्यात, असे झाले की क्षणार्धात त्यांतील एकच काहीतरी वाचले जाते. त्यातही डावीकडचा वरचा कोपरा टाळावा, कारण ग्राहकाने खेळ इच्छायादीत टाकला असला तर तशी पट्टी तेथेच येऊन बसते. नाव आणि चित्र यांनी कामाची वाटणी करून घेणे हा सर्वांत चांगला मार्ग. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथील 'अक्विरिस'ने २०१८ साली काढलेल्या खेळाचे नाव आहे 'होरायझन चेस टर्बो'. 'होरायझन चेस' म्हणजे क्षितिजाचा पाठलाग. नावातच क्रिया आली, तीही कर्मासकट. 'ॲब्सोल्यूट ड्रिफ्ट'मध्येही घसरणे नावातच आहे. 'आउट रन' तर धातूच आहे. अशा वेळी चित्राने तीच क्रिया पुन्हा घोकण्याऐवजी स्थळ, प्रकाश, मनःस्थिती यांकडे वळावे. ज्या खेळाचे नाव केवळ स्थळाचे किंवा मोटारीचे आहे, त्याच्या चित्रावर मात्र क्रियापदाचा सारा भार पडतो.

अक्षरांचे रूपही याच जवळिकीत मोडते. १९९५ साली निघालेल्या 'वाइपआउट' या भविष्यकालीन शर्यतीच्या खेळासाठी शेफील्ड येथील 'द डिझायनर्स रिपब्लिक' या संस्थेने जी अक्षरे व चिन्हे घडविली, ती खेळातील यानांच्या अंगावर, रस्त्यालगतच्या फलकांवर आणि खोक्यावर एकच होती. नाव आणि जग यांमधील शिवण दिसेनाशी झाली. याच्या उलट टोकाला 'आर्ट ऑफ रॅली' हे नाव इंग्रजी लहान लिपीत, एकही मोठे अक्षर न वापरता लिहिले जाते. शर्यतींच्या यादीतील बहुतेक नावे मोठ्या अक्षरांत ओरडत असताना हे एक हळू आवाजात बोलते, आणि खेळाची वृत्तीही तशीच आहे. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे हे साधन आपल्याला उपलब्ध नाही.

उभ्या मापाच्या चित्राविषयी एवढेच सांगावयाचे की, ते आडव्या चित्राला कात्री लावून होत नाही. मोटार ही आडवी वस्तू. ६०० × ९०० पिक्सेलच्या उभ्या चौकटीत ती भरली की तिचे नाक नाहीतर शेपूट तुटते, किंवा वरखाली ओसाड जागा उरते. तेथे रस्त्यालाच वर चढू द्यावे, मोटार लहान करून तळाशी ठेवावी आणि रचना नव्याने मांडावी. संग्रहाच्या पानावरील ३८४० × १२४० च्या रुंद पट्टचित्रावर तर अक्षर लिहिण्यासच मनाई आहे. नाव निराळ्या पारदर्शक चित्रात द्यावे लागते.

मोटार कोणत्या दिशेला धावावी, हे विचारले जाते. डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या समाजांत क्रियेची कल्पना त्याच दिशेने करण्याकडे कल असतो, तर अरबी लिहिणाऱ्यांत तो उलटा आढळतो, असे इटालियन व अरबी भाषकांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेला मास व रुसो यांचा अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. यावरून मोटार उजवीकडेच न्यावी असा नियम करण्याचा मोह होईल. तो आवरावा. डावीकडे जाणारी मोटार वाचनाच्या प्रवाहाविरुद्ध जाते, आणि झगडा दाखवावयाचा असेल तर तेच सोयीचे ठरेल.

विद्यार्थ्याचे तिसरे चित्र मला एकदम पटले. उंचावरून दिसणारे घाटातले एक तीव्र वळण, खाली दरीत धुके, ओल्या रस्त्यावर मोटारीच्या मागच्या दिव्यांची लाल रेघ वळणाबरोबर वाकलेली. मोटार जेमतेम दिसत होती. त्याने ते १२० पिक्सेलच्या मापात छापून आणले होते; करडे केले तरी वक्र रेघ उरत होती. आम्ही एक साधी चाचणी केली. तिन्ही लघुचित्रे वर्गात क्षणभर दाखवून 'हे काय आहे?' असे न विचारता 'या खेळात तुम्ही काय कराल?' असे विचारले. पहिल्या चित्रावर उत्तरे नामांची आली : गाडी, शहर, रात्र. दुसऱ्यावर क्रियापदे आली, पण खेळाशी न जुळणारी. तिसऱ्यावर बहुतेकांनी 'वळवू', 'सांभाळून उतरू' असे सांगितले. एकाने 'गाडी लागेल' असे उत्तर दिले. त्याचीही नोंद केली. विक्री सुरू झाल्यावर चित्र किती वेळा दिसले आणि किती जणांनी त्यावर टिचकी मारली, याचे आकडे स्टीम निर्मात्याला पुरविते. पण चित्र बदलण्याची खरी वेळ त्याआधीची असते.

उणीव राहिली होती ती संनिधीची. नाव होते 'वळण', आणि ते त्याने वरच्या कोपऱ्यात बारीक देवनागरीत लिहिले होते. या नावात वेलांटी, मात्रा, उकार काहीच नाही, हे मोठे भाग्य. देवनागरी अक्षराला वरची व खालची चिन्हे धरून तीन मजले लागतात, त्यामुळे ४५ पिक्सेलच्या उंचीत मधला मजला रोमन मोठ्या अक्षरांपेक्षा पुष्कळच बुटका होतो. 'वळण'ला सारी उंची मिळते. शिवाय देवनागरी तिरकी केली तरी शिरोरेघ आडवीच राहते. विद्यार्थ्याने पुढच्या आवृत्तीत ती रेघ 'ण'च्या पुढे वाढवून खाली वाकविली आणि दिव्यांच्या लाल रेघेला नेऊन मिळविली. नाव आणि क्रियापद एकाच रेषेत आले.

यानंतर जो वाद झाला तो लिपीचा. लघुचित्रात दोन लिपी मावत नाहीत. दुकानातील नोंदीत नाव रोमन लिपीत, आणि चित्रात ते देवनागरीत, असे झाले तर परदेशी ग्राहकाच्या डोळ्याला त्या दोहोंची सांगड घालता येणार नाही. दुसरीकडे, रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' यांतील भेद नाहीसा होतो आणि 'वळण'चे 'वलन' होते. मराठीच्या अध्यापकाने रोमन लिपीचा आग्रह धरावा याचे त्याला आश्चर्य वाटले, आणि थोडे वाईटही. पण पावणेतीन वर्षांची मेहनत एका वर्णासाठी अडून राहू नये, असे माझे मत मी त्याला सांगितले. शेवटी त्याने सर्व लहान चित्रांत रोमन अक्षरे घेतली, तीही रेघेला जोडून. देवनागरी नाव त्याने संग्रहातील ६०० × ९०० च्या उभ्या चित्रावर ठेवले आहे. ते मुख्यतः खेळ विकत घेतलेल्यांनाच दिसते, आणि तेथे 'ळ'च्या दोन्ही गाठी स्वच्छ वाचता येतात.